पद्मलचं ताट

पद्मल दुसरा घास चावता चावता थांबली. हातात पुढचा घास तयार होता, आमटीत भिजवलेला भाकरीचा तुकडा. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिची बोटं एकेक करून उघडली. घास ताटात पडला. डोळे मिटून तिनं उष्टा हात तसाच छातीशी धरला आणि मग ताट हलकेच पुढं सरकवलं.

"झालं?" चुलीपुढून आत्याबाईंनी विचारलं.

पद्मलनं नुसती मान हलवली. तोंडातला घास गालातच होता. ओठांवर पदर धरून ती उठली, जड पावलांनी परसदारी गेली. न्हाणीतून चुळा भरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"बघितलंस गं राजमती?" आत्याबाई मला म्हणाल्या. "चिमणी तरी बरी, हिच्यापेक्षा चार दाणे जास्त टिपते. माझ्या हाताची चवच गेली म्हण आता."

"तसं नाही आत्याबाई. पोटुशीचं मन उडतं अन्नावरनं."

"सातवा लागलाय तिला. आता कसलं मन उडतंय? तुझ्या वेळी तू माझी उतरंड रिकामी केली होतीस!"

मी हसले आणि ताट उचललं. भाकरीचा एक कोपराच काय तो मोडला होता.

माझी चंदना तिसरीत होती, तेव्हाची ही गोष्ट. पद्मल माझी धाकटी जाऊ, भरतेशभाऊजींची बायको; आत्याबाई आमच्या सासूबाई. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच व्हायचं होतं. आदल्या वर्षी चौथ्या महिन्यात तिचं एक गेलं होतं. त्यावर घरात कुणी अक्षर बोललं नाही. आत्याबाईंनी तेवढं चिंचेखाली बसून डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या दुधात चमचाभर तूप जास्त घालायला लागल्या. ती त्यांची माया. तोंडानं मात्र त्या टोचूनच बोलायच्या.

मी रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन भगवंतापुढं त्या दिवसाचे नियम घेते. आज इतकेच पदार्थ, आज तूप नाही, आज अमुक वेळ मौन. दिवस मावळला की ते नियमही सरतात. एक नियम तेवढा मावळत नाही. घरात गर्भार बाई असली, की तिचं ताट रिकामं झाल्याशिवाय मी पाटावर बसत नाही. आताच्या सुना चेष्टा करतात, "मोठ्या आत्याबाई, ताट पुसून दाखवू का?" मीही हसते. का ते त्यांना कधी सांगितलं नाही.

आमच्याकडं दिवस मावळल्यावर कुणी काही खात नाही. लहान पोरं आणि आजारी माणसं सोडली, तर सगळ्या घराचा हाच शिरस्ता. दुपारी एकदा आणि उन्हं उतरताना एकदा, एवढीच जेवणं. त्यामुळं पद्मल संध्याकाळीही ताटावरून अशी उठली, की थेट दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी. मी दूध घेऊन मागं लागायचे, "अगं, पोटुशीला सवलत असते. घे एवढं." ती खिडकीतून बाहेर बघायची. "मावळला, अक्का," म्हणायची.

एखाद्या दिवशी सगळं जेवायचीही. मऊ भात, मुगाचं वरण, लापशी. त्या दिवशी तिचा चेहरा असा उजळायचा, की जणू काही जिंकून आली आहे. पण असे दिवस कमी कमी होत गेले.

मला वाटलं, दात दुखत असतील. एकदा केस विंचरताना विचारलं.

"दुखत नाहीत," ती म्हणाली. "हिरड्या हुळहुळतात. ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून घासायचं सोडलंय. नुसत्या चुळा भरते."

दारातून आत्याबाई म्हणाल्या, "बरं केलंस. आता हात लावू नको. एका लेकरामागं एक दात जातोच म्हणतात. माझे चार गेले, चार वाढवली."

मलाही ते खरंच वाटलं. आईकडूनही मी असंच काहीतरी ऐकलं होतं.

उपकेंद्रातल्या सिस्टर तपासायला आल्या. पद्मलला काट्यावर उभं केलं, मग खाली उतरवून पुन्हा उभं केलं. काटा मागच्या खेपेला होता तिथंच. पोटावर हात फिरवून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाळ बारीक लागतंय हाताला. ही जेवत नाही का? असंच चाललं तर अवघड आहे बघा."

आत्याबाईंनी ऐकलंच. "म्हणजे आम्ही घालत न्हाई म्हणतासा व्हय?"

"तसं नव्हे, आजी."

"मग कसं? सोन्याची ताटली आणू का?"

सिस्टर गेल्यावर आत्याबाई पद्मलपुढं जाऊन बसल्या. आवाज एकदम उतरला होता. "पोरी, तुला काय गोड लागतं ते तरी सांग. मी करून घालते. भरतेशला सांगून सांगलीतनं आणवते. बोल की."

पद्मल खाली बघत राहिली. "तुमच्याच हातचं गोड लागतं, आत्याबाई," ती म्हणाली. आणि डोळ्यांतून टिपं गळायला लागली.

त्या वर्षी गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. रोज एकेका घरी त्यांचा आहार व्हायचा. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच जेवतात, उभ्यानं, ओंजळीत. ताट नाही, वाटी नाही. भक्तांनी ओंजळीत घास ठेवायचा, तो त्यांनी बघून, चोळून मुखात घालायचा. त्यात केस निघाला, मुंगी निघाली, रक्त दिसलं, की अंतराय झाला म्हणायचं. मग ते तिथंच थांबतात. पुढं अन्नही नाही आणि पाणीही नाही, थेट दुसऱ्या दिवसापर्यंत.

आमच्या घरी आहार होता त्या दिवशी आत्याबाई पहाटेपासून ओलेत्यानं वावरत होत्या. विहिरीचं पाणी त्यांनी स्वतः गाळून आणलं. पाचवा सरलेल्या बाईनं आहाराला हात लावायचा नसतो, म्हणून पद्मलला मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर चटईवर बसवलं. तिथून तिला सगळं दिसत होतं.

महाराज आले. दारात कलश घेऊन आम्ही "नमोस्तु, नमोस्तु" म्हटलं. ते पाटावर उभे राहिले. उंच, सुकलेला देह, आणि ओंजळ एवढी घट्ट जुळलेली की पाण्याचा थेंब गळू नये. आत्याबाईंनी पहिल्यांदा पाणी दिलं, मग दूध. माझ्या मिस्टरांनी भात ठेवला. दोन घास झाले. तिसरा आत्याबाईंनी ठेवला. महाराजांनी अंगठ्यानं तो उलगडला आणि थांबले.

भातात केस होता. लांब, पांढरा.

महाराजांची बोटं एकेक करून उघडली. भात खालच्या परातीत पडला. त्यांनी डोळे मिटले, काही क्षण तसेच उभे राहिले आणि खाली बसले.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "माझा गं बाई! माझ्याच डोक्याचा!" भरतेशभाऊजींनी त्यांना धरलं. सगळं घर रडत होतं. आपल्या दारातून साधू उपाशी जाणार, याच्यासारखं दुःख आमच्यात दुसरं नाही.

मी मात्र महाराजांच्या हाताकडं बघत राहिले होते. ती उघडलेली बोटं मी कुठंतरी पाहिली होती. कालच पाहिली होती. परवाही.

मी उंबऱ्याकडं वळले. पद्मल रडत नव्हती. परगावी अचानक आपलं माणूस भेटावं, तशी ती महाराजांकडं बघत होती.

महाराज बस्तीत परत गेले. आत्याबाईंनी त्या दिवशी अन्नपाणी सोडलं आणि जपाला बसल्या. मी पद्मलचा दंड धरला आणि तिला गोठ्यामागं नेलं.

"तोंड उघड."

"काय झालं अक्का?"

"आधी तोंड उघड, पद्मल."

तिनं पदर बाजूला केला. इतके दिवस ती पदराआड का हसत होती ते मला तेव्हा दिसलं. हिरड्या लालभडक, फुगून दातांवर चढलेल्या. दातांच्या मुळांशी पिवळा थर. आणि वरच्या दोन दातांच्या मधे डाळिंबाच्या दाण्याएवढा एक गोळा, बोट टेकलं तरी फुटेल असा. मी काही न करताच त्याच्या कडेनं रक्ताची बारीक रेघ आली.

"तू अंतराय पाळतेस?"

तिनं पदर पुन्हा ओठांवर ओढला.

"कधीपासून?"

"पाचव्यापासून." मग बांध फुटल्यासारखी ती बोलायला लागली. "घास चावला की रक्त येतं, अक्का. जिभेला खारट लागतं. ते अन्नाबरोबर गिळू कसं? रक्त पोटात घालायचं म्हणजे... आपल्यात कुणी खाईल का तसलं? माझ्या पोटात जीव आहे. त्याला हे पाजू?"

"कुणी सांगितला तुला हा नियम?"

"कुणी नाही. मीच भगवंतापुढं घेतला. मागचं गेलं तेव्हा मला वाटलं, माझ्याच हातून काही पाप घडलंय. या खेपेला एवढं पाळलं तर हे तरी राहील."

"आणि आत्याबाई म्हणतात, तुला त्यांच्या हातचं आवडत नाही."

"म्हणू देत. नियम बोलून दाखवू नये, असं मला वाटलं." तिनं पोटावर हात ठेवला. "हालतंय अक्का. रोज हालतंय. म्हणजे बरंच आहे ना ते?"

"हा नियम आत्ताच्या आत्ता सोड," मी म्हटलं.

गुरूंच्या साक्षीशिवाय नियम सोडायला ती तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बस्तीत घेऊन गेले. महाराज आदल्या दिवसापासून निर्जळी होते, त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. आम्ही लांब बसलो. तिला बोलवेना, म्हणून मीच सगळं सांगितलं.

महाराज पद्मलकडं वळले.

"मुली, मी जेवलो नाही, तर माझा एकट्याचा देह उपाशी राहतो," ते म्हणाले. "तुझ्या देहात दुसरा जेवणारा आहे. त्याला विचारलंस?"

पद्मलनं मानेनंच नाही म्हटलं.

"हा नियम गृहस्थाला सांगितलेला नाही. गर्भिणीला तर नाहीच. अजाणता घेतलास, आता माझ्या साक्षीनं सोड. प्रायश्चित्त हवं असेल तर एवढंच, रोज पोटभर जेव. आणि हिरड्यांना औषध कर. देह नीट राखणं हासुद्धा धर्मच आहे."

घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. आता काहीतरी कडक बोलतील असं मला वाटलं. पण त्यांनी पद्मलच्या गालावरून हात फिरवला.

"माझ्या सैपाकाला नावं ठेवली असतीस तरी चाललं असतं गं," त्या म्हणाल्या. "हे गं काय केलंस लेकरा?"

त्याच दिवशी आम्ही तिघी जयसिंगपूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी पद्मलला खुर्चीत टेकवून बसवलं, उजव्या कुशीखाली उशी दिली आणि तोंडात आरसा घालून बघितलं.

"ब्रश कधीपासून बंद आहे?"

"रक्त यायला लागल्यापासून."

"रक्त येतं म्हणून घासायचं सोडलंत, आणि घासायचं सोडलं म्हणून रक्त वाढलं. गर्भारपणात हिरड्या थोड्याशा मळानंही सुजतात. खरं तर अशा वेळी जास्त निगा करायची."

आत्याबाई पुढं सरसावल्या. "दात पाडू नका हं बाई. जायचा असला तर आपसूक जाऊ दे. पोटुशीला हत्यार लावू नये."

"पाडत नाही आजी. फक्त साफ करते. त्यानं बाळाला काही होत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात आणलं असतं तर आणखी सोपं गेलं असतं."

"पण लेकरामागं एक दात जातोच की."

"लेकरामागं नाही जात. बाळंतिणीच्या दातांकडं कुणी बघत नाही, म्हणून जातो." मग त्या पद्मलला म्हणाल्या, "या गाठीला भिऊ नको. बाळंतपणानंतर बहुतेक आपली आपणच उतरते. मऊ ब्रशनं दोन वेळा घासायचं. थोडं रक्त आलं तरी थांबायचं नाही. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भर. उलटी झाली तर लगेच घासू नको, नुसतं पाण्यानं खळखळून टाक. आणि बाळ झाल्यावर त्याच्या नादात हे विसरू नको."

"बाळ झाल्यावर," पद्मल म्हणाली. जणू ते दोन शब्द तिला कुणी पदरात घातले होते.

घरी आल्यावर ती जेवायला बसली. पहिला घास तिनं चावला. थोडं रक्त आलं असावं, ती थबकली. आत्याबाई समोरच बसल्या होत्या.

"गीळ," त्या म्हणाल्या. "महाराजांनी सांगितलंय. गीळ माझे बाई."

पद्मलनं गिळलं. भाकरी संपली. दुसऱ्या दिवशी दीड खाल्ली. रोज सकाळी ती ओसरीच्या पायरीवर बसून हळूहळू दात घासायची आणि चंदना तिच्याशेजारी बसून तिची नक्कल करायची. आत्याबाईंनी डिंक आणि खारीक आणवून ठेवली. मी जुनी लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली. त्या थोड्या दिवसांत घराला हसू फुटलं होतं. दिवस भरायला अजून पुष्कळ अवधी होता, सगळं भरून निघेल असं वाटत होतं.

पण आठवा लागायच्या आतच एका दुपारी पद्मल न्हाणीच्या दारात भिंत धरून उभी राहिली. तिच्या पायांशी पाणी होतं.

मिरजेच्या एका दवाखान्यात मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिला ओढून पिता येत नव्हतं. पद्मल वाटीत दूध काढून द्यायची, ते सिस्टर ड्रॉपरनं तिच्या ओठांत सोडायच्या. पद्मलला उठायला बंदी होती, म्हणून वाटी घेऊन मीच जायचे.

भरतेशभाऊजींनी डॉक्टरांना विचारलं, हे कशामुळं. डॉक्टर भले होते. "असं एकाच कारणानं होत नाही," ते म्हणाले. "कुणाला दोष देत बसू नका." पद्मल पलीकडच्या कुशीवर होती. तिनं ऐकलं असणार.

पहिले दोन-तीन दिवस मुलगी थेंब थेंब प्यायली. तिचे ओठ हलायचे. सिस्टरांचं बोट तिनं मुठीत धरलेलं असायचं, आणि त्या म्हणायच्या, "बघा, मावशी, सोडत नाही कशी!" मी ते जाऊन पद्मलला सांगायचे.

मग एका सकाळी मी वाटी घेऊन गेले, तेव्हा दूध तिच्या ओठांच्या कडेनं बाहेर आलं. सिस्टरांनी पुसलं, पुन्हा एक थेंब सोडला. तोही बाहेर आला. काचेतून मी तिच्या हाताकडं बघत होते. सिस्टरांच्या बोटाभोवतीची ती मूठ हळूहळू सैल झाली. एवढीएवढी बोटं, एकेक करून उघडली.

सिस्टरांनी ड्रॉपर खाली ठेवला आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

मी खोलीत आले, तेव्हा पद्मल उठून बसली होती. "प्यायली का, अक्का?"

माझ्या हातात वाटी तशीच होती, जवळजवळ भरलेली. तिनं वाटीकडं पाहिलं. पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी तिला शेक दिला, तेल लावलं. बोलणं मात्र कमी केलं. टोमणे तर पार बंद. ते नसल्यामुळं घर आणखीच मुकं वाटायचं. शिवलेली दुपटी मी ट्रंकेच्या तळाशी घातली. पद्मल रोज सकाळी पायरीवर बसून दात घासायची. कुणी सांगत नव्हतं, तरी घासायची. मऊ ब्रशनं, सावकाश, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं. चंदना तिच्याशेजारी बसायची, पण नक्कल करायची नाही.

महिना सरून गेल्यानंतरची एक दुपार. आत्याबाईंनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी. पद्मलनं पहिला घास घेतला. चावला. थांबली. जिभेनं हिरड्या चाचपल्या असाव्यात, गाल आतून हलला. दुसरा घास. पुन्हा थांबली. मी आणि आत्याबाई तिच्या ताटाकडं बघत होतो. तिनं भाकरी संपवली, आमटी पुसून घेतली.

"वाढू अजून?" आत्याबाईंनी हळूच विचारलं.

"वाढा."

दुसरी भाकरीही संपली. कडक पापुद्रासुद्धा ती कुरुकुरु चावत राहिली. मग करंगळी हिरडीला टेकवून तिनं बोट उजेडात धरलं आणि एखाद्या लहान मुलीनं दाखवावं तसं माझ्यापुढं केलं. बोट स्वच्छ होतं.

"अक्का, आता येत नाही," ती म्हणाली. "गाठ पण गेली. बघा ना. एक थेंबसुद्धा नाही."

आत्याबाईंनी चुलीकडं तोंड फिरवलं.

ताट लख्ख होतं. मी ते उचलायला पुढं झाले. पद्मलनं काठ धरला होता. मी हळूच ओढलं, "दे गं," म्हटलं. तिची बोटं उघडली नाहीत.